ज्योत लहान, कडं मोठं: चांदीला घरच्या घरी डाख देताना

अंगठीला डाख (सोल्डर) देता येतो म्हणजे कड्यालाही देता येईल, असं मी धरून चाललो होतो. हातात मावणारा ब्युटेनचा टॉर्च, लायटरमध्ये भरतात तोच गॅस, आणि त्याच्यावर कितीतरी अंगठ्या, कानातल्यांच्या कड्या, लॉकेटचे हूक बिनबोभाट जोडून झाले होते. मग अडीच सेंटिमीटर रुंद पट्टीचं कडं करायला घेतलं, मधोमध खड्यासाठी कोंदण. पट्टी सपाट असतानाच कोंदण जोडायचं आणि मग ती वळवायची, एवढं शहाणपण होतं. ज्योत लावली. टाकणखार, म्हणजे सांध्याला लावलेला बोरॅक्स, फुलला, खाली बसला, काचेसारखा झाला. चांदीवर मंद लाली आल्यासारखी वाटली, आणि तिथेच गाडी अडली. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. डाखाचे तुकडे जिथल्या तिथे, फक्त त्यांचे कोपरे गोल झालेले. टाकणखार काळपट पडला. शेवटी टॉर्चचाच जीव गेला.

टॉर्च पुरेसा गरम नाही, असा निष्कर्ष मी तेव्हा काढला. बहुतेक जण हाच काढतात, आणि आणखी 'जास्त अंशांचा' टॉर्च शोधायला लागतात. पण गोम तिथे नाही.

आधी आकडे बघू. दागिन्यांची नेहमीची चांदी, जिला स्टर्लिंग म्हणतात, तिच्यात ९२.५ टक्के चांदी आणि बाकी बहुतेक तांबं असतं. सुमारे ८०० अंश सेल्सिअसला ती आतून ढिली पडू लागते आणि ९०० च्या आसपास पूर्ण वितळते. डाख म्हणजे चांदीत तांबं आणि जस्त मिसळून केलेला, चांदीच्या थोडा आधी वितळणारा मिश्रधातू. तो ७०० ते ८०० अंशांच्या दरम्यान वाहायला लागतो. आणि ब्युटेनची ज्योत? चांगली निळी असेल तर हजार अंशांच्या कितीतरी वर. म्हणजे अंशांची कमतरता नाहीच. पेटलेल्या काडीची ज्योतही हजार अंशांच्या घरात असते, पण तिच्यावर बादलीभर पाणी तापत नाही. तापमान ही उंची झाली. आपल्याला लागतो तो प्रवाह, दर सेकंदाला धातूत किती उष्णता शिरते तो.

इथे एक गंमत आहे. माझी ती पट्टी १५ सेंटिमीटर लांब, अडीच रुंद आणि दीड मिलिमीटर जाड होती. वजन भरलं साधारण ६० ग्रॅम. एवढी चांदी ७५० अंशांपर्यंत न्यायला सुमारे ११ किलोज्यूल उष्णता पुरते. तेवढ्याच उष्णतेत दोन-अडीच मोठे चमचे पाणी जेमतेम उकळीला येईल. चांदी तापायला मुळीच हट्टी नाही, उलट फार सोशिक आहे. एक ग्रॅम ब्युटेन जळलं की ४५ किलोज्यूल निघतात, म्हणजे हिशेबाने पाव ग्रॅम गॅसमध्ये काम व्हायला हवं. माझी अख्खी टाकी संपली होती.

मग बाकीचं गेलं कुठे? गळून गेलं. हे काम म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरण्यासारखं आहे. नळ आणि भोक यांची शर्यत. आणि या बादलीची खोड अशी की पाणी जितकं वर चढतं, तितकं भोक मोठं होत जातं.

तिला टेकलेल्या वस्तू सोडल्या तर तापलेली वस्तू उष्णता दोन वाटांनी सोडते. एक वाट आजूबाजूच्या हवेची. दुसरी किरणांची, म्हणजे शेकोटीसमोर बसल्यावर तोंडाला जो शेक लागतो तो. ही दुसरी वाट तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, आणि तापमान इथे निरपेक्ष शून्यापासून मोजायचं असतं, म्हणजे अंश सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे. ५०० अंशांवर असलेली पट्टी जेवढी उष्णता किरणांनी सोडते, त्याच्या तिप्पट ती ७५० अंशांवर सोडते. दुसऱ्या बाजूने, धातू तापत गेला की त्याच्यातला आणि ज्योतीतला फरक कमी होत जातो, म्हणजे आत शिरणारी उष्णताही घटते. आवक घटते, जावक वाढते. एका ठिकाणी दोन्ही बरोबरीला येतात आणि काटा थांबतो. तुमच्या टॉर्चसाठी ती बरोबरी ८५० अंशांवर होत असेल तर तुम्ही सुखी. ६८० वर होत असेल तर पंधरा मिनिटं काय, दीड तास ज्योत धरली तरी ६८० च. 'अजून थोडा वेळ धरू' हा विचार इथे फसवतो.

किरणांची गळती वजनावर ठरत नाही, पृष्ठभागावर ठरते, हेही लक्षात ठेवण्यासारखं. ६० ग्रॅमचा गोळा आणि ६० ग्रॅमची पसरट पट्टी यांत पट्टी कितीतरी अवघड. माझ्या पट्टीच्या दोन्ही बाजू आणि कडा मिळून ८० चौरस सेंटिमीटर भरत होत्या. लखलखीत चांदी किरणं फार कमी सोडते, हे तिचं मोठेपण; पण टाकणखाराचा थर चढला, काळपटपणा आला की ते मोठेपण संपतं आणि गळती काही शे वॅटवर जाते. मिनिटाला एक ग्रॅम गॅस जाळणारा टॉर्च एकूण साडेसातशे वॅट देतो, आणि त्यातला मोठा भाग गरम वारा होऊन दागिन्याला नुसता चाटून पुढे जातो.

त्यात चांदीचा स्वभाव. उष्णता वाहून नेण्यात सगळ्या धातूंमध्ये तिचा पहिला नंबर. तांबं तिच्या किंचित मागे, आणि स्टेनलेस स्टीलशी तुलना केली तर शुद्ध चांदी जवळपास तीसपट वेगाने उष्णता पळवते. म्हणून 'मला फक्त एवढाच कोपरा जोडायचाय, तेवढाच तापवतो' ही भाषा चांदीपाशी चालत नाही. एका टोकाला दिलेली उष्णता दुसऱ्या टोकाला पोचलेली असते. लोखंडाचा एक भाग लाल असताना दुसरा तुलनेने थंड राहू शकतो. चांदीचा दागिना एक तर अख्खा तापतो नाही तर तापत नाही. सांधा एक मिलिमीटरचा असो, तापवायचं सगळ्या ६० ग्रॅमला.

वेळ हा इथे नुसता वैताग नाही, तो नासधूस करतो. कमी ताकदीचा टॉर्च हळू का होईना पोचवेल, अशी आशा ज्यांना असते त्यांच्यासाठी हा भाग.

पहिला बळी टाकणखाराचा. त्याचं काम धातूवर काचेचं पांघरूण घालून प्राणवायू बाहेर ठेवणं आणि जे ऑक्साइड तयार होईल ते स्वतःत विरघळवून घेणं. पण त्याची पोटाची मर्यादा असते. काही मिनिटांत तो ऑक्साइडने भरून जातो, मग काळा पडतो आणि काम सोडून देतो. त्यानंतर उघड्या पडलेल्या चांदीवर डाख वाहतच नाही. तो गोळी होऊन बसतो, तेलकट ताटलीवरच्या पाण्याच्या थेंबासारखा.

दुसरा बळी खुद्द डाखाचा. डाख एका ठरावीक अंशावर वितळत नाही; त्याला वितळायला सुरुवात होते एका तापमानाला आणि तो वाहतो त्याच्या ५० अंश वर. हे अंतर झपाट्याने पार केलं तर तो एकजीव राहतो. रेंगाळलात तर त्यातला लवकर वितळणारा भाग आधी निथळून जातो आणि उरलेला सांगाडा तसाच राहतो. शिवाय वरच्या अंगाचं जस्त उडत जातं आणि जस्त गेलेला डाख आणखी उशिरा वितळतो. म्हणजे तुम्ही त्याच्या मागे धावता आणि तो पुढे सरकतो. माझ्या तुकड्यांचे कोपरे गोल होऊन ते तिथेच बसले होते, त्याचं कारण हे.

तिसरा बळी चांदीच्या कातडीचा. स्टर्लिंगमधलं तांबं प्राणवायूशी जोडलं जातं. वरचा काळा थर आम्लात निघतो, तो चिंतेचा नाही. पण प्राणवायू तापलेल्या चांदीच्या आतही शिरतो आणि पृष्ठभागाखाली तांबडं ऑक्साइड तयार करतो. पॉलिश झाल्यावर दागिन्यावर सावलीसारखे करडे-जांभळट डाग दिसतात ते हेच. ते काढायचे तर वरची चांदी कानसून-घासूनच काढावी लागते. जितका वेळ लाल, तितका हा थर खोल. मोठ्या सपाट पट्टीवर तो ढळढळीत दिसतो. तांबं नसलेल्या शुद्ध चांदीला हा त्रास नाही, पण ती फार मऊ.

म्हणून प्रश्न असा मांडावा: दोन-चार मिनिटांत सगळा दागिना एकसारखा वर नेता येईल का? त्यासाठी टॉर्च बदलण्याआधी भोक बुजवायचं.

सगळ्यात मोठा फरक पडतो तो दागिना कशावर ठेवला आहे याने. जड, गुळगुळीत, टणक वीट बघायला भक्कम वाटते, पण ती स्वतःच उष्णता शोषत बसते. दागिना तिच्यावर आडवा ठेवला म्हणजे अर्धी ज्योत विटेला. त्याऐवजी भट्टीच्या अस्तराला वापरतात ती हलकी, सच्छिद्र वीट घ्यायची, जी हातात उचलली तर पोकळ वाटते. नखाने ओरखडा उठतो इतकी ती ठिसूळ असते आणि हाताच्या करवतीने कापता येते. अशा विटांचा तीन बाजूंनी बंद, एका बाजूने उघडा कोनाडा करा. वर अर्धवट छप्पर टाकता आलं तर उत्तमच. आता दागिन्यातून निघालेली किरणं विटेवर पडतात, विटेचा वरचा थर झटकन लाल होतो आणि तीच उष्णता परत पाठवतो. शिवाय दागिन्याला चाटून निघालेला गरम वारा कोनाड्यात घोटाळतो, त्याला दुसऱ्यांदा चाटतो. एवढ्या एका गोष्टीने माझा तोच टॉर्च वेगळाच वाटायला लागला.

कोळशाचा ठोकळा याहून चांगला. तो स्वतः धुमसून उष्णता देतो आणि आजूबाजूचा प्राणवायू खाऊन टाकतो, त्यामुळे चांदी स्वच्छ राहते. पण कोळशातून कार्बन मोनॉक्साइड येतो, त्याला वास नसतो. खिडकी उघडी आणि हवा खेळती नसेल तर कोळसा नकोच. काम झाल्यावर ठोकळा विझला असं दिसतं आणि तो आत तासन्‌तास धुमसत राहतो, त्याला पाण्यात बुडवून मगच उठा. घरात पडलेला जुना सिमेंटचा पत्रा या कामाला वापरायचा मोह होतो, त्यात अॅस्बेस्टॉस असू शकतो. आणि साधं काँक्रीट किंवा फरशी थेट ज्योतीखाली आली तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन तिची कपची बंदुकीच्या गोळीसारखी उडू शकते.

दागिना विटेपासून थोडा वर उचलला तर ज्योत खालूनही फिरते. तिवईवर पातळ स्टीलची जाळी, किंवा विटेच्याच तीन छोट्या चिपा पायांसारख्या. मात्र जाड तारेची जाळी घेतली तर ती स्वतःच उष्णता ओढते. हीच गोष्ट चिमट्याची. कोंदण हलू नये म्हणून जाड स्टीलचा चिमटा लावून ठेवला तर जिथे तो टेकतो तिथे थंड डाग राहतो आणि डाख नेमका तिथेच अडतो. टेकवायचंच असेल तर टोकाने, तेही सांध्यापासून लांब.

आता टॉर्च. छोट्या ब्युटेन टॉर्चची खरी अडचण दोन मिनिटांनंतर सुरू होते. टाकीतलं द्रव ब्युटेन वायू होताना टाकीतलीच उष्णता घेतं, टाकी गार पडते. ब्युटेन उकळतं ते उणे अर्ध्या अंशाला, त्यामुळे टाकी गार झाली की दाब पडतो आणि ज्योत मलूल होते. बरोबर तेव्हा, जेव्हा सर्वात जास्त जोर हवा असतो. टाकी गरम करून हा प्रश्न सोडवायचा प्रयत्न कोणीही करू नये; तो स्फोटाचा रस्ता आहे. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतं, म्हणून त्याचा दाब साध्या हवेत भरपूर असतो आणि ज्योत टिकते. रुंद तोंडाचा, हातातच धरायचा प्रोपेनचा टॉर्च मोठ्या दागिन्याला बहुतेक वेळा पुरतो. त्याची ज्योत ब्युटेनहून फारशी गरम नसते. ती फक्त मोठी असते, आणि आपल्याला तेच हवंय. हे दोन्ही वायू हवेपेक्षा जड, गळती झाली तर जमिनीलगत साचतात, म्हणून डबे तळघरात किंवा बंद कपाटात नकोत.

दोन छोटे टॉर्च एकत्र वापरणं हाही उपाय चालतो, आणि लोक त्याला उगाच कमी लेखतात. एक खालून स्टँडवर घट्ट बसवलेला, दुसरा वरून हातात फिरता. खालचा टॉर्च दागिन्याला बैठक तापमान देतो, वरचा शेवटचे शंभर अंश चढवतो.

ज्योत कशी ठेवायची? अंगठीवर काम करणाऱ्याला सुईसारखी, फुसफुसणारी ज्योत आवडते. मोठ्या कामाला ती नको. फुललेली, मऊ आवाजाची ज्योत हवी. आतला निळा शंकू दिसतो, त्याच्या टोकाच्या किंचित पुढे ज्योत सर्वात गरम असते. तो शंकू धातूला टेकवला तर तिथे अजून न जळलेला वायू असतो, म्हणजे उलट तोटा. मी शंकूचं टोक धातूपासून बोटभर लांब ठेवतो.

डाख कुठला, याला मोठ्या कामात जास्त महत्त्व येतं. तो साधारण तीन प्रतींत मिळतो: कठीण, मध्यम आणि सोपा. उत्पादकागणिक आकडे थोडे हलतात, पण कठीण डाख ७९० अंशांच्या आसपास वाहतो, मध्यम ७४० ला, सोपा ७२० ला. पुस्तकी शिस्त अशी की पहिला जोड कठीण डाखाने, पुढचे क्रमाने सोप्याने, म्हणजे नंतरच्या तापवण्यात आधीचे जोड सुटत नाहीत. शिस्त बरोबरच आहे. पण चौथा घात आठवा. ७९० ऐवजी ७२० ला काम भागलं तर किरणांची गळती सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते. टॉर्च बेताचा आणि जोड एकच असेल तर मी सरळ सोपा डाख घेतो. तो किंचित पिवळट दिसतो, ही किंमत. कठीण डाखाबाबत आणखी एक गोष्ट अंगावर येते: तो वाहतो ७९० ला आणि चांदी ढिली पडते ८०० ला. अंगठीत हे अंतर सांभाळता येतं. लांब पट्टीत एक टोक दुसऱ्यापेक्षा वीस-तीस अंश पुढे गेलं की तिकडे पृष्ठभाग सुरकुततो.

डाख घेताना तो कॅडमियमविरहित आहे याची खात्री करून घ्या. जुन्या साठ्यातल्या काही डाखांत कॅडमियम असतं, ते ७६७ अंशांना उकळतं आणि त्याचा धूर फुप्फुसांना घातक. आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कामाचं शिसं-कथलाचं सोल्डर चांदीच्या टेबलावर ठेवूच नका. त्याचा कण चिकटलेला दागिना पुढे लाल केला की तो कण चांदीला खड्डा पाडून खातो.

सांधा. याबद्दल सगळे सांगतात म्हणून थोडक्यात: डाख फट भरत नाही, तो फटीत ओढला जातो. फट केसाएवढी असेल तरच ही ओढ लागते. पट्टी आणि कोंदण उजेडासमोर धरून बघा, मधून प्रकाश दिसला तर अजून कानस हवी. मोठ्या कामात हे दुप्पट कडक पाळायला लागतं, कारण इथे दुसरा एक खेळ चालतो, तो फारसा कोणी सांगत नाही.

चांदी तापली की वाढते. माझी १५ सेंटिमीटरची पट्टी ७५० अंशांना दोन मिलिमीटरने लांब होते. दोन मिलिमीटर! अंगठीच्या तुकड्यात ही वाढ नजरेतही येत नाही. पट्टीचं एक टोक आधी तापलं तर ती कमान धरते, थंड असताना घट्ट बसलेलं कोंदण एका बाजूने उचललं जातं, आणि तुम्ही म्हणता, सांधा तर बरोबर होता. म्हणून सुरुवातीची सगळी तापवणी सावकाश, पूर्ण पट्टीभर फिरवत. आणि काम सुरू करण्याआधी पट्टी एकदा मंद लालीपर्यंत तापवून, गार करून, पुन्हा सपाट करून घ्यावी. ठोकताना आत अडकलेला ताण आधीच निघून जातो, ऐन वेळी निघत नाही.

बांधणीची तार इथेच दगा देते. भाग जागेवर राहावेत म्हणून लोखंडी तार करकचून बांधतात. लोखंड चांदीपेक्षा बरंच कमी वाढतं. चांदी फुगते, तार तेवढी सैल होत नाही, आणि लाल झालेल्या मऊ चांदीत तार रुतून कायमचा चरा पडतो. तारेला दोन-तीन ठिकाणी चिमट्याने नागमोडी वळण देऊन ठेवलं की ते वळण स्प्रिंगसारखं उलगडतं आणि ताण खातं. सांध्यावरून तार नेऊ नका, डाख तिलाही जोडून टाकेल.

आता प्रत्यक्ष. खोलीतला उजेड थोडा कमी करा, कारण तापमान आपण रंगावरूनच वाचणार आहोत. लख्ख उन्हात लाली दिसत नाही आणि दिसेपर्यंत दागिना वितळलेला असतो. डोळ्यांवर चष्मा, केस बांधलेले, अंगात सुती कपडे. स्वच्छ घासलेल्या पट्टीला सगळीकडून बोरिक ॲसिड आणि स्पिरिट यांच्या मिश्रणात बुडवून, स्पिरिट जाळून टाकलं की पांढरा पातळ थर उरतो. तो डागांपासून वाचवतो. स्पिरिटची बाटली झाकण लावून दुसऱ्या खोलीत गेल्याशिवाय टॉर्च पेटवायचा नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. सांध्याला टाकणखाराची पेस्ट, डाखाचे छोटे तुकडे कोंदणाच्या आतल्या बाजूने, पट्टी आणि भिंत दोन्हींना टेकलेले.

पहिलं मिनिट ज्योत लांबून. टाकणखारातलं पाणी उडून त्याची लाही होते आणि ती डाखाचे तुकडे उचलून इकडेतिकडे ढकलते. घाई केलीत तर तुकडे उडून जातील. फुगवटा खाली बसला की ज्योत जवळ आणा आणि पट्टीवर मोठे मोठे आठचे आकडे काढत फिरवा. कोंदणाला ज्योत अजिबात लावू नका. त्याची भिंत कागदासारखी पातळ, ती पट्टीच्या कितीतरी आधी तापेल, डाख तिच्या अंगावर चढेल आणि पट्टीशी जोड होणारच नाही. डाख नेहमी जास्त तापलेल्या बाजूला धावतो. म्हणून सगळा मारा जाड भागावर, शक्य तितका खालून. पातळ भाग पट्टीकडून आपोआप तापतो, चांदी उष्णता वाहून नेते हा तिचा गुण इथे आपल्या कामी येतो.

टाकणखार ७४० अंशांच्या सुमारास पूर्ण वितळून पाण्यासारखा पारदर्शक होतो. हा आपला फुकटचा तापमापक. पट्टीच्या दोन्ही टोकांना त्याचे ठिपके लावून ठेवले तर कुठली बाजू मागे आहे हे लगेच कळतं. अंधूक लाल म्हणजे ६०० ते ६५०, त्याहून स्पष्ट लाल म्हणजे आपण दाराशी आलो. आता ज्योत सांध्याच्या आसपास आणा, पण डाखावर धरू नका. डाखाने ज्योतीमुळे नव्हे, चांदीमुळे वितळायला हवं. तो क्षण चुकत नाही: तुकडे अचानक ओलसर होतात आणि कोंदणाच्या बुडाशी एक चमकती रेष सरसर पळत जाते. रेष पूर्ण फिरली की ज्योत काढा. आणखी दोन सेकंद 'खात्रीसाठी' धरायचा मोह होतो, त्याच दोन सेकंदांत कोंदणाची भिंत कोसळते.

चार-पाच मिनिटांत रेष पळाली नाही, तर थांबा. पुढे धरून काही मिळत नाही, हे वर आलंच. गार करा, आम्लात टाकून स्वच्छ करा, नवा टाकणखार, नवा डाख, आणि कोनाडा आणखी बंदिस्त.

पोकळ दागिना असेल, दोन वाट्या जोडून केलेला मोठा मणी किंवा पेटीसारखं लॉकेट, तर हे वाचल्याशिवाय टॉर्चला हात लावू नका. बंद पोकळीतली हवा ७५० अंशांना साधारण साडेतीनपट दाबाला जाते आणि नेमका तो सांधा फोडते जो तुम्ही जोडत असता. त्याहून वाईट म्हणजे आत पाण्याचा किंवा आम्लाचा थेंब राहिला तर त्याची वाफ होते आणि लाल तापलेला दागिना फुटू शकतो. दडलेल्या जागी एक बारीक भोक आधीच पाडायचं, आणि प्रत्येक वेळी आम्लातून काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळून, पूर्ण वाळवून मगच पुन्हा तापवायचं. या एका बाबतीत 'चालतंय की' चालत नाही.

जोड झाल्यावर मोठा दागिना लालबुंद असतानाच पाण्यात टाकू नका, तो पिळवटतो. लाली जाऊ द्या, आणखी एक-दोन मिनिटं थांबा. तापलेली चांदी आणि गार चांदी दिसायला सारखीच असते, आणि मोठा तुकडा फार वेळ गरम राहतो. माझ्या अंगठ्याला हे माहीत आहे. नंतर सौम्य आम्ल. घरी सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी बरं, सावकाश काम करतं पण धूर नाही. तापलेला दागिना थेट आम्लात टाकायचा नाही, शिंतोडे उडतात. लोखंडी तार आधी काढायची आणि सांडशी तांब्याची किंवा प्लॅस्टिकची घ्यायची. लोखंड बुडलं की आम्लात उतरलेलं तांबं सगळ्या चांदीवर गुलाबी होऊन बसतं.

हातातल्या टॉर्चची मर्यादा कुठे? माझ्या अनुभवात छोटा ब्युटेन टॉर्च उघड्या विटेवर पंधरा-वीस ग्रॅमपर्यंत निभावतो, कोनाड्यात त्याच्या दुप्पट, आणि प्रोपेनची रुंद ज्योत शंभर ग्रॅमच्या पट्टीलाही पुरते. त्यापुढे टॉर्चशी कुस्ती खेळण्यापेक्षा घडणच बदलावी. सगळं एकदम न जोडता लहान भाग आधी जोडून घ्यावेत; किंवा कोंदण एका छोट्या चकतीवर जोडून ती चकती पट्टीवर रिव्हेटने बसवावी. असा न तापवता केलेला थंड जोड दिसायलाही देखणा असतो.

ती पट्टी मी महिनाभर ड्रॉवरमध्ये टाकून दिली होती. मग टाकणखाराचा काळा थर आणि जुना डाख घासून काढला, सहा हलक्या विटांचा कोनाडा रचला, पट्टी तीन चिपांवर उचलली, कठीणऐवजी सोपा डाख घेतला आणि एक उसना टॉर्च खालून लावला. वरचा टॉर्च तोच, जुना. घड्याळ लावून ठेवलं होतं. दोन मिनिटं चाळीस सेकंदांनी रेष पळाली.